मदत हवी: हायकूवर लॅन कधी लागतं, कधी नाही (बीटा ५, ६४-बिट)

उंबरठा:
जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० च्या शेजारी वेगळं पार्टिशन करून हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकली आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली तेव्हा लॅन पहिल्या फटक्यात लागलं, वेबपॉझिटिव्ह या तिच्या ब्राउझरमध्ये पानं भराभर उघडली, म्हणून तर इन्स्टॉल केली. आता मात्र कारभार लहरी झालाय. सकाळी मशीन चालू केलं की बहुतेक वेळा नेट असतं. दुपारी किंवा संध्याकाळी बसले की नाही म्हणजे नाही. डेस्कबारमधलं (हायकूचा टास्कबार) नेटवर्कचं चिन्ह 'नो लिंक' म्हणतं.

केबल बदलली, राउटरचं पोर्ट बदललं. त्याच केबलवर विंडोजमध्ये नेट उत्तम चालतं. डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी पत्ता घेणं) काढून आयपी हाताने घातला, ढिम्म फरक नाही.

लिस्टडेव्ह या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडमध्ये लॅन कार्ड दिसतं: व्हेंडर १०ईसी (रिअलटेक), डिव्हाइस ८१६८, मदरबोर्डवरचंच. आयएफकॉन्फिग या नेटवर्कची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये आरटीएल८१एक्सएक्स नावाने इंटरफेस येतो, हार्डवेअर पत्ता बरोबर, पण खाली फक्त 'अप ब्रॉडकास्ट' आणि रिसीव्ह शून्य. सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदींची फाइल) द्यायची तयारी आहे, पण नेटच नाही तर पाठवू कशी?

'लिनक्स टाका' असं कृपया कोणी सांगू नका. ते दुसऱ्या मशीनवर आहेच.

रात्रपाळी:
लिनक्स टाका. :)
(राहवलं नाही.) सिसलॉगसाठी: सिस्टिम फोल्डरच्या आत व्हार, त्यात लॉग, तिथे फाइल मिळेल. फॅट फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर हायकू बिनदिक्कत लिहिते. नाहीतर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, त्याचा ड्रायव्हर हायकूत आहे. तात्पुरतं नेटही मिळेल.

बाइटभर:
ड्रायव्हरचा घोळ वाटतो. हायकूचे बरेचसे नेटवर्क ड्रायव्हर स्वतःचे नाहीत, फ्रीबीएसडी या दुसऱ्या ओएसचे, एका जुळवणी-थरावर बसवलेले आहेत. वायफायचे काही ओपनबीएसडीकडून आलेत. सगळ्यांत सगळं चालेल अशी खात्री नसते. अडीच गिगाबिटची ८१२५ चिप असेल तर तिला वेगळा ड्रायव्हर लागतो, ते बघा. तोवर लॅनचा वेग शंभर मेगाबिटवर अडकवून पाहा.

केबलवाला_काका:
बाइटभर, ८१६८ लिहिलंय की त्यांनी. ती एक गिगाबिटची, ड्रायव्हर बरोबरच लागलाय. हार्डवेअर पत्ता दिसतोय याचा अर्थ ड्रायव्हर चिपशी बोलतो आहे. आयएफकॉन्फिगच्या त्या ओळीत 'अप ब्रॉडकास्ट' च्या पुढे 'लिंक' शब्द यायला हवा, तो नाही. लिंक म्हणजे तारेवरची जोडणी, ती नसेल तर आयपी हाताने घाला नाहीतर देवाला घाला, काही होणार नाही. डीएचसीपीचा नाद सोडा.

उंबरठाताई, दोन गोष्टी सांगा. नेट नसतं तेव्हा कॅबिनेटच्या मागे लॅनच्या खाचेतला दिवा लागलेला असतो का? आणि सकाळी चालू करता, तेव्हा आदल्या रात्री भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं का?

उंबरठा:
काका, दिवा पूर्ण विझलेला. राउटरच्या बाजूचाही. भिंतीवरचं बटण रात्री झोपताना आई बंद करते, रोज. याचा काय संबंध?

केबलवाला_काका:
सगळाच संबंध आहे. दुपारी हायकूत येता ती विंडोजमधून 'रीस्टार्ट' करून ना?

उंबरठा:
हो! दिवसा ऑफिसचं काम विंडोजवर असतं, ते संपलं की रीस्टार्ट करून हायकूत.

केबलवाला_काका:
मग हायकूचा दोष नाही आणि कार्डही ठणठणीत आहे. या चिपचा विंडोजमधला ड्रायव्हर जाताना वीज वाचवण्यासाठी चिपचा तारेकडचा भाग झोपवून जातो. मशीन बंद दिसलं तरी एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मदरबोर्डला मिळतच असतो, त्यामुळे ती झोप रीस्टार्टने मोडत नाही. पुढची ओएस येते, चिप ओळखते, पत्ता वाचते, पण तारेकडचा भाग घोरतोय. हायकूने ज्या फ्रीबीएसडीकडून हा ड्रायव्हर घेतला तिथे काही उपप्रकारांसाठी जागं करण्याचा कोड आहे, सगळ्यांसाठी नाही. लिनक्सवाल्यांनाही हा त्रास झालेला आहे. रात्री बटण बंद झालं की पुरवठा तुटतो, चिप कोरी होते, म्हणून सकाळी नेट. पेनड्राइव्हवरून पाहिलंत तेही सकाळीच असणार.

खात्री करायची तर असं करा. नेट नसताना हायकू शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमधला उरलासुरला चार्ज जाईल. चालू करून थेट हायकूत या. लिंक आली तर निदान पक्कं.

कायमचा उपाय विंडोजमध्ये: डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, ॲडव्हान्स्ड टॅब, 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' एनेबल. त्याने जाताना तो भाग जागा राहतो. पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअपही काढून टाका. ते चालू असलं की विंडोज नीट बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि तिच्या पार्टिशनवर दुसऱ्या ओएसने लिहिणं धोक्याचं असतं.

रात्रपाळी:
काका __/\__ . आईला पण श्रेय द्या.

बाइटभर:
८१६८ वाचूनही मी ८१२५ वर घसरलो. एक शंका: हायकूतून हायकूत रीस्टार्ट केलं तर?

केबलवाला_काका:
मध्ये विंडोज नसेल तर लिंक जायला नको. ताई, हेही पाहून घ्या.

उंबरठा:
बटण बंद करून, चार्ज घालवून हायकू उघडली: आयएफकॉन्फिगमध्ये 'अप ब्रॉडकास्ट लिंक ऑटो-कॉन्फिगर्ड'. हायकूतून हायकूत रीस्टार्ट केलं, लिंक टिकली. विंडोजमध्ये जाऊन रीस्टार्ट केलं, गेली. मग ती सेटिंग एनेबल केली आणि विंडोज शटडाउन केली तर मशीन बंद असूनही लॅनचा दिवा मिणमिणतोय. आता विंडोजमधून आले तरी नेट लागतं. पॅकेजमनने (हायकूचं पॅकेज टाकायचं साधन) अपडेट आत्ता चालू आहे.

बाइटभर:
हायकूच्या बग ट्रॅकरवर तिकीट (दोषाची नोंद) टाकता का? जागं करण्याचा कोड तुमच्या उपप्रकारासाठी वाढवता येईल का ते तिथले लोक बघतील. त्यासाठी विंडोजमधल्या सेटिंग पुन्हा बंद करून दोन सिसलॉग लागतील, एक लिंक असतानाची, एक नसतानाची. लिस्टडेव्हचं पूर्ण आउटपुटही जोडा. आधी जुनी तिकिटं चाळा, याच चिपचं आधीच असेल तर नवं उघडू नका, त्यातच लॉग चिकटवा.

उंबरठा:
चालेल, शनिवारी करते. नसतानाची लॉग टेदरिंगवरून पाठवीन.