सस्पेंशनचं २२ हजारांचं कोटेशन: वाजवी की फुगवलेलं?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

गाडी छोटी हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, ७२ हजार किलोमीटर चाललेली. स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना पुढे डावीकडून खट-खट आवाज येतो. हायवेला ८०-९०च्या वेगात काही त्रास नाही, स्टेअरिंग ओढत नाही, टायर सारखे झिजलेत.

शहरातल्या एका गॅरेजने गाडी जॅकवर न घेता, नुसती चक्कर मारून हे कोटेशन दिलंय: पुढचे शॉकअप दोन ५,२००, माउंटिंग आणि बेअरिंगचे दोन सेट २,३००, लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) दोन ३,८००, लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेंशनशी जोडणारा छोटा दांडा) दोन १,३००, स्टॅबिलायझर बुश (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या बारचे रबर) ३००, मागचे शॉकअप दोन ३,४००, मजुरी ४,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. एकूण २२,००० आणि जीएसटी वेगळा.

माझ्या मते हे फुगवलेलं आहे. आवाज पुढून येतोय, मग मागचे शॉकअप कशासाठी? एका बाजूच्या खट-खटीसाठी अख्खं सस्पेंशन बदलायचं हे पटत नाही.

दोनपोस्टलिफ्ट

मला यात लूट दिसत नाही. भागांचे दर ठीक आहेत. मूळ कंपनीचे किंवा गॅब्रिएल, मोनरोसारखे शॉकअप घेतले तर आसपासच पडतात. ७२ हजार किलोमीटर आणि तेही नाशिकचे. पेठ रोडचे खड्डे, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी उकरलेले रस्ते. इतक्या वापरानंतर रबर आणि शॉकअप दोन्ही थकतात.

शॉकअप जोडीनेच बदलतात. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे मेलेला असला की खड्ड्यात, ब्रेकखाली दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. माउंटिंग आणि बेअरिंग स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) खोलल्यावरच हाती येतात. आज ती वाचवली आणि सहा महिन्यांनी आवाज आला की तीच मजुरी पुन्हा द्यायची. एकदाच खोलून सगळं करणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो.

बुशप्रेस

जोडीचा नियम बरोबर आहे, पण तो शॉकअपला. लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) एका बाजूचा गेला असेल तर एकाच बाजूचा बदलता येतो. आणि जोडीचा प्रश्न नंतरचा, आधी कुठला भाग गेलाय ते कळायला हवं. जॅक न लावता लोअर आर्म लिहिला असेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजाचे ३,८०० द्यायचे नसतात.

कमी वेगात, एक चाक चढतं आणि दुसरं उतरतं तेव्हा खट-खट, हे लिंक रॉडचं अगदी नेहमीचं लक्षण. तो तपासताना गाडी चारही चाकांवर जमिनीवर हवी. रॉड हाताने धरून जोरात हलवा, सांध्यात टक् जाणवलं की तो गेला. एकच चाक जॅकवर उचललं तर बार पिळला जातो, रॉड ताणात राहतो आणि ढिला सांधाही घट्ट वाटतो. (काही छोट्या गाड्यांत बार थेट आर्मलाच जोडलेला असतो, तिथे लिंक रॉड हा भागच नसतो. तुमच्या मॉडेलला तो आहे ना, हे आधी बघा.)

बॉल जॉइंटसाठी चाक अधांतरी ठेवून वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ला धरून हलवायचं. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. खात्रीसाठी आर्म आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्ये पहार घालून उचकायचं. ३ आणि ९ला हलत असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचे सांधे), आणि गंमत म्हणजे हे दोन्ही तुमच्या कोटेशनमध्ये नाहीतच. स्ट्रटच्या बेअरिंगसाठी गाडी जागेवर उभी ठेवून एकाने स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग पिळून झटक्याने सुटली तर बेअरिंग अडकलंय.

शॉकअपवर नुसता ओलसर थर दिसला म्हणून तो बाद होत नाही. तेल ओघळून खालपर्यंत धुळीचा चिखल बसलाय, तो बाद. बॉनेट दाबून गाडी किती डोलते ही परीक्षा अर्धवट आहे. पार मेलेला शॉकअप तिच्यात पकडला जातो, अर्धा थकलेला सहज सुटतो.

दोनपोस्टलिफ्ट

हे सगळं करायला पाऊण तास जातो आणि लिफ्ट अडकते. गिऱ्हाईक मात्र तपासणी फुकट मागतं, म्हणून मेकॅनिक धोका नको म्हणून जोडीने भाग लिहितो. तपासणीचे ३००-५०० वेगळे द्यायची तयारी आधी दाखवा, मग नेमकं कोटेशन मागा. शिवाय बाहेरून धड दिसणारं माउंटिंग खोलल्यावर फाटलेलं निघतं. आधी २२,००० सांगून १६,०००चं बिल केलं तर कुणी भांडत नाही, उलट झालं की भांडण होतं.

जमाखर्च

वरचा आकडा म्हणून तो सांगा की, पण तसं कागदावर लिहा: "हे नक्की, हे खोलल्यावर ठरेल." इथे सगळंच नक्की म्हणून मांडलंय.

मला जास्त खटकतंय ते "जीएसटी वेगळा". डब्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. भागांचे १६,३०० एमआरपीने लावले असतील तर त्यावर पुन्हा १८ टक्के म्हणजे २,९३४ रुपये लावताच येत नाहीत. कर फक्त मजुरी आणि अलाइनमेंटच्या ५,७०० वर, म्हणजे १,०२६. बिल २५,९६० नाही, २३,०२६ व्हायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे, त्यामुळे कुणी २८ लावले तर तिथेच थांबवा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल, किंवा गॅरेज कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना) असेल, तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही.

बॅलन्सिंगही काढा. टायर रिमवरून उतरणारच नाहीत, मग ते कशाला? अलाइनमेंट मात्र हवी, कारण स्ट्रट आणि नकलचे बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलू शकतो. नुसता लिंक रॉड बदलला तर तीही नको.

सातपूर_फिटर

कर आणि बॅलन्सिंगबद्दल सहमत. पण मजुरी कमी करा असं कुणी सांगायच्या आत बोलतो. पुढचे दोन्ही स्ट्रट दोन-अडीच तास, आर्म दीड तास, मागचे तासभर. ४,८०० म्हणजे ताशी हजाराच्या आसपासच. चाक, नकल एकदाच सुटतात म्हणून थोडं कमी मागू शकता, निम्मं नाही.

सस्पेंशनचं काम बिघडतं ते घाईत. आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच आवळले तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ते शेवटचे आवळायचे, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. शॉकअपचा दांडा पकडीने धरून नट सोडला-आवळला की क्रोमवर ओरखडा पडतो, तो सील कापतो आणि नवा शॉकअप गळायला लागतो. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत बसलं नाही तर पहिल्याच दिवशी आवाज. स्वस्तात करणाऱ्याकडे नेमकं हेच सुटतं.

आणि आर्म पूर्ण बदलायचाच कशाला? बॉल जॉइंट ठीक असेल तर प्रेसवर नुसते बुश बदलून मिळतात, निम्म्याहून कमी खर्चात.

बुशप्रेस

बुशच्या सल्ल्याला माझी हरकत आहे. ज्या गाडीत बॉल जॉइंट आर्ममध्येच कायमचा बसवलेला आहे, तिथे ७२ हजारांना नवे बुश आणि जुना जॉइंट ही बचत नाही. जॉइंट निसटला की चाक बाहेर दुमडतं. कसारा घाटाच्या उतारावर ते झालं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. जॉइंट बोल्टने वेगळा निघत असेल तरच प्रेस. आणि वरवरच्या बारीक भेगा बघून बुश काढू नका. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल तरच तो गेला.

गंगापूररोडकर

म्हणजे मागच्या शॉकअपचं समर्थन अजून कुणी केलेलं नाही. ३,४०० तिथेच गेले.

दोनपोस्टलिफ्ट

गळत नसतील आणि मागचे टायर पट्ट्यापट्ट्याने झिजले नसतील तर काढा, त्यावर माझा आग्रह नाही. पुढचे शॉकअप गळत असतील तर मात्र माउंटिंगसकट जोडीनेच करा, यावर मी ठाम आहे.

जमाखर्च

मग क्रम असा लावा. तपासणीचे पैसे देऊन गाडी लिफ्टवर घ्यायची, स्वतः खाली उभं राहून प्रत्येक भाग हलवून बघायचा, भागाचा ब्रँड आणि नंबर लिहून नवं कोटेशन घ्यायचं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये प्ले निघाला तर तो त्याच दिवशी, लिंक रॉड पगारापर्यंत थांबला तरी चालेल. जुने भाग आणि रिकामे डबे परत मागायचे, हे काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं. बिल पक्कंच घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, आणि शॉकअपची वॉरंटी मागायला गेलात की दुकानदार आधी तेच विचारतो.