सर्जिकल मास्क आणि पाण्यात सुटणारे तंतू

एकांनी लिहिलंय की निळा सर्जिकल मास्क कापडासारखाच असतो, पाण्यात पडला तरी कुजून जाईल. तो कुजत नाही हो. घरात एखादा न वापरलेला मास्क असेल तर कडा कापून उघडून बघा. तीन थर सुटे होतील, आणि तिन्ही पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचेच. मधला पांढरा थर बोटांनी ओढला की पिंजलेल्या कापसासारखा विस्कटतो. त्याचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे.

पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं. मास्क तरंगत राहतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतो, मग लाटा आणि वाळू त्याचा भुगा करतात. इटलीतल्या मिलानो-बिकोका विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत करून पाहिलं (२०२१): १८० तास अतिनील प्रकाश आणि कृत्रिम समुद्राच्या पाण्यात जोरदार घुसळण. एका मास्कमधून दिवसाला १,७३,००० पर्यंत तंतू सुटू शकतात, असं दिसलं. प्रत्यक्ष समुद्रात वेग वेगळा असणार, तरी एकाच मास्कचा हा आकडा वाचून मी फार अस्वस्थ झालो.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच घरगुती मास्कसाठी सूचना दिली होती: ७२ तास कागदी पिशवीत ठेवा, मग कापून सुक्या कचऱ्यात द्या. कापायचा तो कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. कापताना कानाचे बंदही तोडा, ते पक्ष्यांच्या पायात अडकतात.