१२ बोरची एकनळी घ्यायची आहे (शेतीसंरक्षण परवाना), कुठली घ्यावी?

काजूवाला_दोडामार्ग:
शेतीसंरक्षणाचा परवाना मंजूर झाला, १२ बोर, एकच हत्यार. चार एकर काजू, खाली थोडं भात. त्रास रानडुकरांचा. बजेट २५,०००, त्यातच काडतुसं आणि कव्हर. दुनळी, पंप (पुढचा दांडा मागे-पुढे ओढून भरायची) सुचवू नका, परवडत नाही. नवी देशी एकनळी घ्यावी की जुनी विलायती? चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिमी की ७० मिमी? घोडा बाहेरचा की आतला? मामांची जुनी बेल्जियम एकनळी आहे, ६५ मिमीची, ते १४,००० ला द्यायला तयार आहेत.

वेंगुर्लेकर:
दुनळीच घ्या. एकनळी मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून), रिकामं काडतूस काढून दुसरं घालेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात, रात्री बॅटरी सांभाळत त्याहून जास्त. जखमी डुक्कर तेवढा वेळ देत नाही. शिवाय एका नळीत एलजी (मोठे दाणे), दुसरीत ४ नंबरचा बारीक छर्रा ठेवता येतो.

काजूवाला_दोडामार्ग:
बजेट वर लिहिलंय हो.

वेंगुर्लेकर:
वाचलं. थोडं थांबा, पैसे जमवा, दुनळी घ्या.

आजरेकर_बापू:
एकनळीच घ्या आणि घोडा बाहेरचाच घ्या. चढवलाय की उतरवलाय ते अंधारात अंगठ्याने कळतं. आत घोडा असलेली बंदूक मोडून मिटली की आपोआप चढते, मग सगळी भिस्त सेफ्टीच्या खटक्यावर, आणि स्वस्त बंदुकीत पहिला झिजतो तो तोच. फक्त हाफ-कॉक तपासा: रिकामी बंदूक, घोडा अर्ध्यावर, चाप जोरात ओढा. घोडा पडला तर ती बंदूक परत ठेवा, भाव करायच्या भानगडीत पडू नका.

दुकानात बघायची दुसरी गोष्ट, सांध्याचा ढिलेपणा. पुढचं लाकूड काढल्याशिवाय तो कळतच नाही, कारण त्याची स्प्रिंग नळीला दाबून धरते. लाकूड उतरवा, बंदूक मिटलेली ठेवा, एका हाताने दस्ता आणि दुसऱ्याने नळी धरून डावी-उजवी हलवा. टकटक आली म्हणजे बिजागरीची पिन किंवा कुलूप झिजलंय. मग वहीच्या कागदाची पट्टी नळीचं बूड आणि मागची पोलादी भिंत यांच्यामध्ये धरून मिटा. पट्टी सहज ओढून निघाली तर तेवढी फट आहे. अशा फटीत बार काढला की काडतुसाचं बूड मागे सरकतं, केप (बुडातली ठिणगीची टोपी) फुगते, कधी गॅस डोळ्याकडे येतो.

गजालीवाला:
ठासणीची घे मरे. दारू भर, ठास, केप लाव, बार काढ. काडतुसांची कटकट नाय.

चंदगडी:
पावसाळ्यात केप सर्दावली की फुसका बार, आणि भरायला मिनिटभर. त्यात भरलीय की नाही हे विसरून दुसऱ्यांदा ठासली की नळी फुटते. ज्यांच्याकडे ठासणीच आहे त्यांनी ठासायच्या गजावर दोन खुणा करून ठेवाव्यात, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. पण धागाकर्त्याचा परवाना १२ बोरचा आहे, विषय संपला.

गजालीवाला:
आवाजाक तोड नाय मात्र.

ग्रीनरप्रेमी:
जुन्यात जुनी हवी तर ग्रीनर या इंग्लिश कंपनीची जीपी एकनळी शोधा. मार्टिनी कळ, खालचा खटका ओढला की काडतूस बाहेर आणि घोडा चढलेला. बिजागरीच नाही, ढिली काय होणार! आमच्या घरची अजून घड्याळासारखी चालते.

चंदगडी:
बंदूक उत्तम, पण तिच्यासारखीच दिसणारी ग्रीनरची पोलीस बंदूकही फिरत असते. तिला मुद्दाम वेगळं काडतूस केलेलं होतं, १२ बोरचं साधं काडतूस तिच्यात चालत नाही. घेण्याआधी कुठली आहे ते ओळखा. भाग मिळत नाहीत हे वेगळंच.

आजरेकर_बापू:
६५ की ७० बद्दल कोणी बोलतच नाही. काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर, तोंड उघडल्यावर. बंद तोंडाचं ७० मिमी काडतूस त्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये छान बसतं, बंदूक मिटते, आणि माणूस म्हणतो, “चालतंय की!” बार काढला की तोंड उघडायला जागाच नसते. पुढच्या निमुळत्या भागात प्लास्टिक दाबलं जातं, वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. एका बारात काही दिसणार नाही. दस्त्याला मुठीपाशी चीर आणि सांधा ढिला, ही त्याची पहिली लक्षणं. मामांची बंदूक घेऊ नका. ७० मिमीची देशी नवी घ्या, काडतुसं मिळण्याचा प्रश्न येत नाही.

दारूगोळा_पुणे:
बापूंशी सहमत, ६५ नको. देशी एकनळ्या मुंगेर आणि जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांच्या मिळतात. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांतही फरक असतो, तेव्हा नावावर जाऊ नका, समोरची तपासा. नळी उजेडाकडे धरून आत बघा. प्रकाशाची वर्तुळं अखंड दिसली पाहिजेत. वर्तुळ एका बाजूने चेपलेलं दिसलं तर बाहेरून पोचा, तो परवानाधारक कारागीर उठवू शकतो. पूर्ण गोल काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे, बहुतेक तोंडात चिखल किंवा फडक्याचा बोळा राहून बार झालेला. ती घ्यायची नाही.

दुकानदाराकडून उडवलेली काडतुसं मागून घ्या. केपवरचा ठसा मधोमध आणि गोल हवा. एका बाजूला सरकलेला ठसा म्हणजे केपवर आपटणारी पिन किंवा सांधा तिरका.

काजूवाला_दोडामार्ग:
आणि काडतुसं कुठली? एलजी की एसजी (त्याहून थोडे लहान दाणे)?

वेंगुर्लेकर:
एलजी.

चंदगडी:
एसजी. १२ बोरच्या ३२ ग्रॅमच्या भरण्यात एसजीचे साधारण ९ दाणे बसतात, एलजीचे ६-७. स्वस्त एकनळीची नळी बहुधा फुल चोकची असते आणि मोठे दाणे त्या आवळलेल्या तोंडातून निघताना एकमेकांवर चेपतात, मग पांगतात. कागदावर बघितल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही. जिथे चांदमारीची परवानगी आहे तिथे २५ मीटरवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान लावा, तीन-तीन बार काढा, दाणे मोजा. ज्यात जास्त दाणे वीतभर जागेत ते तुमचं काडतूस. तीस मीटरच्या पुढे डुकरावर बार नकोच. आणि अखंड गोळी फुल चोकमधून कधीच नाही, नळीचं तोंड जातं.

वेंगुर्लेकर:
एलजीच. सगळे तेच वापरतात.

लिंबूटिंबू:
माकडं हुसकायला हवेत एलजी उडवला तर?

चंदगडी:
बिलकूल नको. ६ नंबरचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जातो, एलजीचा दाणा सातशेपर्यंत जाऊ शकतो. पुढच्या वाडीत कोण उभं आहे तुम्हाला काय माहीत?

कायदेकर:
एक महत्त्वाचं सगळेच विसरलेत. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि तीनुसार मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, वाटा घालायचा नसतो. गवा आणि हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांच्याकडे नळीही रोखू नका.

मामांची बंदूक घेणार असाल तर आधी मामांनी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीची लेखी सूचना द्यायची. त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्यावरच व्यवहार. पोच घ्या. तुमच्या परवान्यावरची खरेदीची मुदत त्याआधी संपत नाही ना, तेही बघा.

गजालीवाला:
हत्तीचा इषय निघालोच तर, औंदा तिलारीकडे काय परिस्थिती? आमच्या भावाचे माड गेले.

चंदगडी:
हत्तींसाठी वेगळा धागा काढा.

दारूगोळा_पुणे:
निवडणुकीत बंदूक जमा करावी लागू शकते, त्याचंही आत्ताच ऐकून ठेवा. रेक्झिनच्या कव्हरात देऊ नका, ओल धरते आणि महिन्या-दीड महिन्यात नळीवर गंजाचे ठिपके उठतात. आतून-बाहेरून मशीनचं तेल लावून सुती कापडात द्या, पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि पिनच्या भोकात चिकटा धरतं. फुसक्या बारांचं एक कारण तेच.

ग्रीनरप्रेमी:
ग्रीनरला हा त्रास नाही.

दारूगोळा_पुणे:
लोखंड ग्रीनरचंही लोखंडच आहे.

पंपवाला:
पंप अ‍ॅक्शन कोणीच कसं सुचवलं नाही?

काजूवाला_दोडामार्ग:
सगळ्यांचे आभार. दुकानात तीन देशी एकनळ्या बघितल्या. एकीची कागदाची पट्टी सरळ निघून आली, दुसरीचा घोडा हाफ-कॉकवरून पडला. तिसरी ठीक होती, पण दस्ता लांब. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं, माझं नखही पोचत नव्हतं. कापून घ्यायचा तर खर्च वेगळा.

मामांची बंदूक कारागिराकडे नेली, अर्थात परवानाधारक मामांनीच. नळीखाली ‘नायट्रो प्रूफ’चा (बिनधुराच्या दारूने तपासल्याचा) शिक्का आहे, दमास्कसची (पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळीची) वेलबुट्टी नाही. सांधा घट्ट. दस्ता तर मापाचा. तीच घेतोय. दुकानदार ६५ मिमीचा एसजी मागवून देतो म्हणाला, आधी दोन खोकी हातात येऊ देत, मगच पैसे. ७० चं एकही काडतूस घरात येणार नाही. ४५ दिवसांची सूचना काल दिली, पोच मिळाली. उरलेल्या पैशात खालच्या भाताला झटक्याचं कुंपण.

आजरेकर_बापू:
सांगायचं काम केलं. कव्हरवर रंगाने मोठं ‘६५’ लिहून ठेवा, उद्या घरातलं दुसरं कोणी काडतुसं आणायला जाईल.

वेंगुर्लेकर:
१४ हजार आणि कुंपणाचे मिळून दुनळीची सुरुवात झाली असती.