पहिला पिक आला म्हणून क्वार्टरबॅक घ्यायचाच का?

शार्लटचा मामा
येत्या गुरुवारी, २४ एप्रिल २०२५ ला, ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट आहे. कॉलेजातले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, सगळ्यात वाईट संघाची पाळी पहिली. यंदा पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, टेनेसी टायटन्सचा. त्यावरून नेपरव्हिलकरांनी परवा लिहिलं की पहिला पिक हातात असताना क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) सोडून दुसरं काही घेणं म्हणजे करंटेपणा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

आमच्या पँथर्सनी २०२३ च्या मार्चमध्ये हाच विचार केला होता. त्या वर्षीचे नववा आणि एकसष्टावा पिक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा, आणि वर डीजे मूर. एवढं शिकागोच्या पदरात टाकून पहिला पिक आणला आणि ब्राइस यंगला घेतलं. मूर आमचा सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर. म्हणजे चेंडू झेलणारा देऊन चेंडू फेकणारा आणला! पहिल्या वर्षी पोरगं ६२ वेळा सॅक झालं, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच पाडलं गेलं. संघ २-१५, म्हणजे दोन जिंकले, पंधरा हरले. प्रशिक्षक फ्रँक राइक ११ सामन्यांनंतर घरी. आणि शिकागोला दिलेला २०२४ चा पिक ठरला पुन्हा पहिलाच.

सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जर्सविरुद्धच्या सामन्याला मुलीला घेऊन गेलो होतो. २६-३ ने हरलो. ब्राइसचे अख्ख्या सामन्यात ८४ यार्ड. त्याच्या नावाची जर्सी घातलेली माझी लेक तिसऱ्या क्वार्टरमध्ये म्हणाली, "बाबा, त्याला चेंडू फेकायला कुणीच मोकळं नाहीये." तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मालकाला दिसलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याला बेंचवर बसवलं. दोष त्या मुलाचा नव्हता, घर बांधायच्या आधी कळस चढवायच्या घाईचा होता. टायटन्स गेल्या वर्षी ३-१४ होते. तेही तेच करायला निघालेत.

नेपरव्हिलकर
मामा, ते वाक्य माझं, आणि शब्द मागे घेणार नाही. क्वार्टरबॅक नसणं म्हणजे काय ते शिकागोत राहून बघा. आमच्या संघाची स्थापना १९२० ची. आजवर एकाही बेअर्स क्वार्टरबॅकने एका हंगामात ४००० यार्ड फेकलेले नाहीत. ३८३८, तेही १९९५ साली, हा २०२४ च्या हंगामापर्यंतचा आमचा विक्रम. २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर ट्रुबिस्की घेतला आणि माहोम्स दहाव्यावर कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. त्या रात्रीपासून माझा थोरला मुलगा चीफ्सच्या बाजूने झाला, तो अजून परत आलेला नाही.

आणि पैशाचं कुणी बोलतच नाही. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. तेव्हापासून चांगला रूकी (पहिल्या वर्षाचा, नवखा) क्वार्टरबॅक म्हणजे चार वर्षं निम्म्याहून कमी किमतीत राजा. वाचलेल्या पैशात लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) आणा, रिसीव्हर आणा. आधी कळस तर मिळू दे!

ह्यूस्टनची वहिनी
भावजी, "लाइन आणा" म्हणणं सोपं आहे. आम्ही २००१ साली ह्यूस्टनला आलो. पुढच्या वर्षी टेक्सन्स सुरू झाले आणि पहिला पिक डेव्हिड कार. पहिल्याच हंगामात ७६ सॅक. तो विक्रम अजून मोडलेला नाही. आमच्या घरी रविवारी साबुदाण्याची खिचडी व्हायची आणि सामना लागायचा. सासूबाईंना खेळातलं काही कळत नसे, पण चौथ्या-पाचव्या रविवारी त्या म्हणाल्या, "या मुलाला आई नाही का गं?" पुढे चेंडू हातात आला की तो आधी डावीकडे बघायचा, कोण येतंय ते. ती सवय कधीच गेली नाही.

मग २००६. पुन्हा पहिला पिक. विन्स यंग इथलाच, ह्यूस्टनचा, जानेवारीत टेक्सास विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला. सगळं शहर त्याच्या बाजूने. संघाने घेतला मारिओ विल्यम्स, डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावातला, समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणारा. माझ्या ऑफिसात लोक आठवडाभर धुसफुसत होते. मीही! विन्स तिसऱ्या क्रमांकावर टायटन्सकडे गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक रूकीही ठरला. पण मारिओने २००७ मध्ये १४ सॅक केले, आणि विन्सला टायटन्सनी २०१० च्या हंगामानंतर ठेवलं नाही.

आणि २०२३ मध्ये आम्ही दुसऱ्या पिकवर सी. जे. स्ट्राउड घेतला, लगेच सौदा करून तिसऱ्यावर विल अँडरसन. आक्रमक आणि बचावात्मक, दोन्ही रूकी पुरस्कार एकाच घरात. म्हणून मी "क्वार्टरबॅक घेऊच नका" म्हणत नाही. त्याला एकटा घेऊ नका.

एडिसनचे अण्णा
तुम्ही सगळे संघाच्या बाजूने हिशेब मांडताय. त्या मुलाला कुणी विचारलं? बावीस वर्षांच्या पोराला सांगायचं, देशातल्या सगळ्यात वाईट कंपनीत जा, दुसरीकडे अर्ज करायचा नाही. चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षाचा हक्कही संघाचा, आणि मग फ्रँचायझी टॅग, म्हणजे करार संपल्यावरही अडवून ठेवायचा हक्क. जितका गुणी, तितका जास्त बांधलेला.

हे मला एच-वन-बी व्हिसाची आठवण करून देतं. २००७ ला आलो. एका कन्सल्टन्सीने आणलं, तिचं नाव घेत नाही. मंदीत प्रोजेक्ट गेलं, दोन महिने पगार नाही. सोडून जावं तर त्या दिवसांत दुसरा प्रायोजक मिळेना. बायको सातव्या महिन्यात. इझलिनच्या त्या अपार्टमेंटमध्ये सहा जण राहत होतो आणि रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात जाऊन बसायचो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. म्हणून २००४ मध्ये चार्जर्सकडे खेळणार नाही म्हणणारा ईलाय मॅनिंग मला आवडतो. लोकांनी त्याला लाडावलेला म्हटलं. जायंट्सना त्याने दोन सुपर बोल (लीगची विजेतेपदं) दिले.

नेपरव्हिलकर
अण्णा, तुमच्यावर जे गुजरलं त्याबद्दल आदर आहे. पण कोट्यवधी डॉलर घेणाऱ्याची तुलना बिनपगारी बसलेल्या माणसाशी करू नका. खेळाडूंची संघटना आहे, तिने करारावर सही केलेली आहे.

एडिसनचे अण्णा
२०११ मध्ये आणि २०२० मध्ये सही झाली तेव्हा यंदा ड्राफ्ट होणारी मुलं कुठे होती? शाळा-कॉलेजात! ज्याच्या गळ्यात दावं पडणार त्याला मत नाही. रक्कम मोठी असली म्हणून दावं दावंच असतं. १९८३ मध्ये क्वार्टरबॅक जॉन एलवेने कोल्ट्सना नकार दिला, कारण हातात बेसबॉल होता. १९८६ मध्ये पहिला पिक असलेला बो जॅक्सन बक्कनिअर्सना सोडून बेसबॉल खेळायला गेला. ज्याच्याकडे दुसरा रस्ता होता तोच नाही म्हणू शकला. आमच्याकडे दुसरा रस्ता म्हणजे परतीचं तिकीट होतं.

फ्रीमाँटची मानसी
अण्णा, मी आजही त्याच व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. बारा वर्षं. प्रायॉरिटी डेट (रांगेतली आपली तारीख) बघत महिना सुरू होतो. पण ड्राफ्ट नसता तर सगळे गुणी खेळाडू दोन-चार श्रीमंत संघांकडे गेले असते आणि ग्रीन बेसारख्या छोट्या गावाचा संघ टिकलाच नसता. आपल्या रांगेने कुणाचं भलं होतं ते दाखवा. ड्राफ्टने होतं ते दिसतं. दोन्ही एका मापाने मोजलीत तर आपली बाजूच कमकुवत होते, याचा मला राग येतो.

एडिसनचे अण्णा
रागवा. ग्रीन बेचा मुद्दा खरा आहे, तेवढा मान्य. पण टिकण्याची किंमत दर वेळी त्या एका मुलानेच का भरायची?

शार्लटचा मामा
व्हिसावर वेगळं लिहा ना मंडळी. इथे ओ-लाइनबद्दल (आक्रमणाच्या त्या फळीबद्दल) बोलू या.

एडिसनचे अण्णा
मामा, तुमच्या लेकीला जे दिसलं तेच मी बोलतोय. तो मुलगा एकटा होता आणि त्याला निघून जायची सोय नव्हती.

कोलंबसचा बाप
ओ-लाइनचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझा मुलगा हायस्कूलमध्ये चार वर्षं सेंटर होता, लाइनच्या मधोमध उभा राहून क्वार्टरबॅककडे चेंडू मागे देणारा (त्यालाच स्नॅप म्हणतात). शुक्रवारी रात्री सामन्यानंतर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्याच्या बोटांच्या पट्ट्या मी सोडवायचो. मधलं बोट आणि करंगळी कायम सुजलेली. नखाखाली कृत्रिम गवताचे काळे रबरी दाणे. चार वर्षांत ध्वनिक्षेपकावर त्याचं नाव मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा चुकीच्या स्नॅपसाठी. क्वार्टरबॅकचा फोटो मात्र दर आठवड्याला गावच्या पेपरात.

नेपरव्हिलकर, तुमच्या थोरल्याला विचारा, त्याच्या चीफ्सनी २०१३ मध्ये पहिल्या पिकवर कोण घेतला? एरिक फिशर. टॅकल, लाइनच्या टोकाचा खेळाडू. सेंट्रल मिशिगनचा, सामान्य प्रेक्षकाने नाव न ऐकलेला. आधीच्या वर्षी ते २-१४ होते. प्रशिक्षक अँडी रीड आले, क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथला सौदा करून आणलं, आणि त्याच वर्षी ११-५. माहोम्स आला २०१७ मध्ये, तेव्हाही त्याला हंगामभर स्मिथच्या मागे बसवून शेवटचा एकच सामना दिला. २०२० च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला तेव्हा डाव्या बाजूला फिशरच उभा होता. पुढच्या जानेवारीत कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्याची टाच गेली. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये टँपाविरुद्ध तोच माहोम्स रात्रभर मागे-मागे पळत होता. ३१-९. जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक, आणि एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) नाही. माझा मुलगा तो सामना बघताना एकच बोलला, "आता कळेल सगळ्यांना." कळलं नाही.

नेपरव्हिलकर
२०१३ मध्ये पहिल्या पिकच्या तोडीचा क्वार्टरबॅकच नव्हता, हे सोयीस्करपणे विसरताय. पहिला क्वार्टरबॅक गेला सोळाव्या क्रमांकावर.

कोलंबसचा बाप
विसरत नाही. नव्हता म्हणूनच घेतला नाही. तुमच्या नियमाने घ्यावाच लागला असता.

नेपरव्हिलकर
ठीक. डोळे झाकून क्वार्टरबॅकच घ्यायचा हा माझा हट्ट सोडतो, तेवढंच. तुमच्याकडून मिळालेल्या २०२४ च्या पहिल्या पिकवर आम्ही घेतलेला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स गेल्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला, ५-१२, आक्रमणाचा समन्वयक आणि मुख्य प्रशिक्षक दोघेही हंगामाच्या मध्येच गेले. तरी मी म्हणेन तो घ्यायलाच हवा होता. यंदा प्रशिक्षक बेन जॉन्सन आले, लाइनवर थुनी, जोना जॅक्सन आणि डालमन आले. लाइन विकत मिळते, केलेब मिळत नाही. आणि मामा, ब्राइसचं शेवटचं पान तुम्ही वाचलंच नाही. जानेवारीत अटलांटाला त्यांच्याच मैदानात ४४-३८. पाच टचडाउन त्याचे, तीन फेकून, दोन धावून. तो वाया गेला असं कोणत्या तोंडाने म्हणता?

शार्लटचा मामा
वाया गेला म्हटलंच नाही. तो सामना मी उभा राहून पाहिला. लेकीने कपाटातून जर्सी परत काढली, हेही खरं. पण तो सावरला तो स्वतःच्या हिमतीवर, आणि मध्ये लाइनवर पैसे ओतले म्हणून. ते पैसे आधी ओतले असते तर त्याला ते पहिलं वर्ष तसं बघावं लागलं नसतं. ह्यापुढे मी मागे हटणार नाही.

नॅशव्हिलचा विनय
इतका वेळ वाचत होतो. पिक आमचा आहे, म्हणून बोलतो. क्वार्टरबॅक लेव्हिसबरोबर गेलं वर्ष काढलं, दर रविवारी पोटात गोळा यायचा. यंदा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड घेणार असं सगळे म्हणतायत आणि मला तो हवा आहे. मार्चमध्ये लाइनवर डावीकडे डॅन मूरला आणलंय, लॅथम उजवीकडे जाईल. पूर्ण घर नाही, पण भिंती उभ्या राहतायत.

क्वार्टरबॅक स्टीव्ह मॅकनेअर १९९५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला, आमचा संघ तेव्हा ह्यूस्टनचा ऑइलर्स होता, वहिनींना माहीत असेल. पहिली दोन वर्षं तो बहुतेक क्रिस चँडलरच्या मागे बसला. १९९७ पासून सूत्रं हाती घेतली, आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल एका यार्डाने हुकला. माझे वडील तेव्हा पुण्याहून आले होते, त्या एका यार्डावर ते अजून फोनवर बोलतात. वॉर्डला ती दोन वर्षं कुणी देणार नाही, पहिल्याच रविवारी उतरवतील. गुरुवारी आमच्या घरी दहा जण जमतोय. नाव पुकारल्यावर मी टाळ्या वाजवीन, आणि दुसऱ्या फेरीत लाइनवरचा गार्ड घेतला तर त्याहून मोठ्याने.