सॅन्स-सेरिफचा इटॅलिक: नव्याने काढावा की सरळ अक्षरच कलवावं?

जुळारी:
जीवशास्त्राच्या एका पुस्तिकेची मांडणी करत होतो. शास्त्रीय नावं इटॅलिकमध्येच, म्हणजे मजकुरात वेगळ्या उठून दिसणाऱ्या तिरक्या अक्षरांतच लागतात. फाँट होता हेल्व्हेटिका, म्हणजे सॅन्स-सेरिफ: अक्षरांच्या टोकांना सेरिफ नावाच्या बारीक रेघा नसलेला. प्रूफ हातात आलं आणि होमो सेपियन्स ओळीत कुठे आहे ते शोधत बसावं लागलं. हेल्व्हेटिकाचा इटॅलिक म्हणजे तीच अक्षरं १२ अंश उजवीकडे कललेली, दुसरं काही नाही. तोच मजकूर कॅलिब्रीत लावला. तिथे इटॅलिकमध्ये स्मॉल 'ए'ची (a) वरची कमान जाते, नुसतं गोल पोट उरतं. नाव लगेच डोळ्यात भरलं.

इटॅलिक जन्मला तो हस्ताक्षरातून. फ्रान्सेस्को ग्रिफोने कोरलेल्या त्या खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या अक्षरांनी) आल्डस मॅन्युशियस या प्रकाशकाने १५०१ साली व्हेनिसमध्ये रोमन कवी व्हर्जिल छापला. ती लेखणीची चाल सॅन्स-सेरिफमध्येही यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सरळरेघ:
नाही पटलं. सॅन्स-सेरिफचं रूपच लेखणीच्या खुणा पुसून घडलंय. त्याला इटॅलिकपुरती लेखणी कशाला? फाँटकार ॲड्रियन फ्रुटिगरने १९५७ च्या आपल्या युनिव्हर्स या सॅन्स-सेरिफ फाँटला कललेलीच अक्षरं दिली, ती विचार करून. सेरिफ अक्षरांनाही इटॅलिक म्हणून सरळ अक्षरच कलवलेलं योग्य, असं ब्रिटिश मुद्रणतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ मध्ये मांडलं होतं.

आणि 'नुसती कललेली' म्हणू नका हो. संगणकाने 'ओ' ढकलून बघा: वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रेघ फुगते, उरलेल्या दोन बाजूंना रोडावते. चांगला फाँटकार प्रत्येक वळणाची जाडी हाताने सावरतो. तेही काढणंच आहे.

काना_मात्रा:
व्हेरिएबल फाँटमध्ये (एकाच फाईलमध्ये जाडी, तिरकेपणा वगैरे हवा तसा बदलता येणारा फाँट) तिरकेपणाचा वेगळा अक्ष ठेवता येतो, ७ अंश हवे तर ७. पण 'ए'चा आकार असा हळूहळू बदलत नाही, तो एका टप्प्यावर उडी मारतो.

जुळारी:
@सरळरेघ, 'ओ'चं एकदम मान्य. म्हणून तर ब्राउझरचा तिरकेपणा बघवत नाही. इटॅलिकची फाईल जोडायची राहिली की तो स्वतःच अक्षरं ढकलतो, सावरासावर शून्य. मोठ्या मथळ्यात वेग दाखवायला कललेलं अक्षर मीही वापरतो. पण सलग मजकुरात इटॅलिकचं काम आवाज बदलायचं आहे: ग्रंथाचं नाव, परका शब्द, जोर दिलेला शब्द. १२ अंशांत तो आवाज बदलत नाही. फ्रुटिगर या फाँटचा १९७६ चा इटॅलिक कललेलाच होता, पुढे फ्रुटिगर नेक्स्टमध्ये मात्र खरा इटॅलिक आला. उगाच आला का?

सरळरेघ:
पुस्तिकेपुरतं ऐकतो तुमचं. ॲपच्या पडद्यावर मात्र नाही. हेल्व्हेटिकात सरळ आणि कललेल्या अक्षराची रुंदी एकच असते. यादीतली ओळ निवडल्यावर शब्द तिरका झाला तरी शेजारचा मजकूर जागचा हलत नाही. खऱ्या इटॅलिकची अक्षरं बहुधा अरुंद, त्यामुळे प्रत्येक निवडीला ओळ दचकते. तिथे मला कललेलंच द्या.