ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा वाल गळू राह्यला, ट्यूब बदलावी की दुरुस्त होईल?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. घरचा जुना 35 एचपीचा ट्रॅक्टर आहे, मागचं टायर 13.6-28, नक्षी अजून निम्मी तरी शिल्लक आहे, पण डाव्या चाकाच्या वालापाशी, म्हणजे हवा भरायच्या नळीपाशी, हवा निघू राह्यली. संध्याकाळी भरलं की सकाळी टायर बसलेलं. टायरात पाणी आहे, नांगरटीला वजन पाहिजे म्हणून वडिलांनी भरून घेतलेलं, त्यामुळे वालाजवळ रिम कायम ओली आणि गंज चढलेला. गावातला पंचरवाला म्हणतो सरळ ट्यूब टाका, चुलतभाऊ म्हणतो वालाची टोपी बदल, दुकानदार म्हणतो पंचर बुजवायचं जेल घ्या. शेणखत वाहायचंय, मग रोटाव्हेटर, आणि मृग काय आपल्यासाठी थांबणार आहे का. चाक उतरवायचं, पाणी काढायचं, परत भरायचं म्हणजे दिवस गेला, म्हणून आधी इथं विचारतोय. कोणी केलंय का हे काम?

पांझरावाला
भाऊ, पयले थुकी लाईसन देख. बुडबुडा वालना तोंडमा येस का मुयमा (मुळाशी) येस ते सांग. ट्यूब लेवानी घाई नको करू.

शहादेकर_74
जेल टाकून मोकळे व्हा. मी मोटारसायकलला टाकलंय, एक नंबर चाललंय.

पारोळा_टायर
मोटारसायकलचं ट्यूबलेस टायर वेगळं आणि ट्रॅक्टरची ट्यूब वेगळी दादा. जेल खिळ्या-काट्याच्या बारीक भोकाला चालतं. वालाच्या मुळाशी रबर फाटलं असेल तर तिथं चाक फिरलं की रबर हलतं, भेग उघडझाप होते, जेल टिकणार कसं? त्यात आत दीडशे लिटरच्या वर पाणी, जेल पातळ होऊन जाईल, आणि उरलंसुरलं वालाच्या पिनमध्ये, म्हणजे आतल्या हवा अडवणाऱ्या तुकड्यात, अडकून ती पण बाद.

गिरणाकाठ भाऊ, पांझरावाल्यांचं ऐका. माझं दुकान रोडवरच आहे, मे महिन्यात रोज एखादा तरी असा ट्रॅक्टर येतो आणि निम्म्यांची ट्यूब चांगली असते. साबणाचा दाट फेस करा, दाढीचा ब्रश असेल तर उत्तम. आधी वाल बरोबर वर येईल असं चाक फिरवून घ्या, टायर पाऊण भरलेलं असतं, वाल वर असला की तिथं फक्त हवा असते, खाली असला की पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. मग टोपी काढून फेस लावा.

तोंडातून बुडबुडा आला तर पिन गेली. तिचं रबर उन्हानं कडक होतं किंवा मातीचा कण बसतो. नवी पिन म्हणजे चिल्लर खर्च, कारची-मोटारसायकलची असते तीच बसते. काढायला जुन्या लोखंडी टोपीच्या डोक्याला खाच असते ना, ती उलटी धरून फिरवा. बसवताना चिमटीच्या जोरानं टेकली की थोडीशीच अजून, पक्कड लावू नका, रबर कापलं जातं. टेफलॉन टेप, ग्रीस काही नको.

दुसरी जागा लोकांना माहीतच नसते. पाणी भरायच्या मागच्या ट्यूबचा वाल दोन तुकड्यांचा असतो. रबराच्या नळीवर पितळेची बॉडी आट्यानं बसलेली, तीच काढून पाण्याचा पाईप लावतात. पाणी भरून झाल्यावर ती बॉडी घाईत आवळलेली असते किंवा तिच्याखालचं वायसर चपटं झालेलं असतं. तिथं बुडबुडा दिसला तर हवा सोडून बॉडी काढा, आटे पुसा, वायसर बदला. भरलेल्या टायरवर ती बॉडी सैल करू नका हां, गोळीसारखी सुटते.

आणि बुडबुडा रिमच्या भोकातून आला तर मग मुळात फाटलंय. चाक खोलावंच लागेल.

केळीबाग_रावेर
वरचं सगळं बरोबर. फक्त एक सांगतो, टोपीला कमी समजू नका. प्लॅस्टिकची टोपी फक्त माती अडवते, पण आत रबराचं वायसर असलेली लोखंडी टोपी असली तर पिन थोडीफार गळत असताना पण हवा धरते. चुलतभाऊ अगदीच चुकीचं नाही बोलला. आमच्याकडे केळीच्या बागेत पाणी सुटलेलं असतं, चाकं चिखलात, टोपी नसली की पिनमध्ये गाळ गेलाच म्हणून समजा.

गिरणाकाठ
आत्ता फेस लावून पाह्यलं. तोंड कोरडं, बॉडीपाशी पण काही नाही. रिमच्या भोकातून मात्र फुरफुर फेस वर येतोय, आणि नीट पाह्यलं तर वाल सरळ उभा नाही, एका बाजूला झुकलाय, भोकाच्या कडेला टेकून. उजव्या चाकाचा सरळ आहे. म्हणजे गेली ना ट्यूब? आणि झुकला कशामुळे, कुठं आपटलेलं तर आठवत नाही.

पारोळा_टायर
आपटून नाही, टायर रिमवर सरकलंय. हेच खरं दुखणं, आणि हे न बघता नवी ट्यूब टाकली तर ती पण पुढच्या हंगामात त्याच जागी फाटेल.

हवा कमी असताना लोड ओढला, म्हणजे नांगर किंवा भरलेली ट्रॉली, की इंजिन रिमला फिरवतं आणि टायर जमिनीला धरून मागं राहतं. दर ओढीला केसभर सरकतं. टायरासोबत ट्यूब सरकते, पण वाल रिमच्या भोकात अडकलेला, तो कुठं जाणार? मुळापाशी ताणला जातो, भोकाची कड धारदार असली तर घासला जातो, आणि एक दिवस फाटतो. काळ्या रानात नांगरट करणाऱ्यांचं हे नेहमीचं.

अनेर_पट्टी
पण हवा तर मी डोळ्यानं बघून भरतो, मागच्या टायरचं पोट थोडं सुटलेलं दिसलं पाहिजे असं आमचे जुने लोक सांगतात.

पारोळा_टायर
पाणी भरलेल्या टायरचं पोट बघून काही कळत नाही भाऊ, पाणी दबत नाही, हवा जायला जागाच थोडी असते, त्यामुळे जराशी गळती झाली तरी प्रेशर पटकन उतरतं. मागच्या टायरला शेतात साधारण 12 ते 14 पीएसआय, ट्रॉलीला थोडं जास्त, नक्की आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात आणि टायरच्या तक्त्यात बघा. आता गंमत अशी की आमच्या दुकानांतले गेज ट्रकसाठीचे, दीडशे-पावणेदोनशेपर्यंतचे. त्यावर 8 आणि 14 मधला फरक दिसतच नाही, काटा खुंटीवरून जरासा हलतो एवढंच. 30 पर्यंतचा छोटा गेज घरी ठेवा. मोजायचं ते सकाळी, टायर गार असताना, वाल वर घेऊन. दुपारी जळगाव-भुसावळच्या 45 डिग्रीत मोजाल तर जास्तच दाखवणार आणि तुम्ही सोडून द्याल.

केळीबाग_रावेर
सरकतंय का ते बघायची सोपी खूण, पांढऱ्या ऑइलपेंटनं टायर आणि रिम दोन्हीवरून जाणारी एक सरळ रेघ मारायची. काम करून आल्यावर रेघ तुटलेली दिसली की समजायचं. आमच्या दोन्ही ट्रॅक्टरला मारलेली आहे, ड्रायव्हर लोकांनाही त्यामुळे धाक राहतो.

पांझरावाला
आनि रिमनं भोक बोट फिराईसन देख, धार लागी तर कानसखाल घाल.

गिरणाकाठ
रेघेचं आवडलं. आता हे सांगा, फाटलेल्या मुळाला गरम पंचर लावून चालेल का? ट्यूब तशी मऊ आहे, बाकी कुठं पॅच नाही. की वालच बदलून मिळतो?

पारोळा_टायर
मुळाला चिकटून चीर असेल तर नुसतं पॅच टिकत नाही, तिथं रबर जाड-पातळ असतं, पॅच नीट बसत नाही. साधं थंड सोल्युशनवालं तर मुळीच नको. जुन्या ट्यूबचा चांगला वाल बुंध्याच्या रबरासकट कापून तुमच्या ट्यूबवर दुसऱ्या जागी गरम करून बसवणारे कारागीर आहेत, जुनं भोक पॅचनं बंद करतात. हात चांगला असेल तर चालतं. पण तुम्हाला पाणी भरायचंय, त्यात पावसाच्या तोंडावर काम अडेल, मी तुमच्या जागी असतो तर या चाकाला नवी ट्यूब टाकली असती आणि ही जुनी वाल बसवून घेऊन घरी टांगून ठेवली असती. घेताना टायरचा साइज सांगाच, पण पाण्याचा वाल आहे ना ते डोळ्यानं बघा, आणि वाल तुमच्या रिमच्या भोकात सैल किंवा घट्ट होत नाही ना तेही.

चाक उतरवण्याआधी वाल खाली घेऊन पाणी काढा, नाहीतर चार माणसांना आवरणार नाही. एक्सलखाली जॅकसोबत लाकडाचे ठोकळे, पुढच्या चाकांना ओट, म्हणजे सरकू नये म्हणून अडसर. रिमचा गंज तारेच्या ब्रशनं काढून रंग मारा आणि निदान एक रात्र वाळू द्या. टायरच्या आतून हात फिरवा, बाभळीचा काटा तुटून राहिलेला असतो, मग पावडर मारा. ट्यूब बसली की थोडी हवा भरा, पूर्ण सोडा, परत भरा, म्हणजे चुण्या निघतात आणि वाल सरळ उभा राहतो. वालाला नट असेल तर हातानंच, पान्यानं आवळू नका. मोकळा असला की टायर सरकल्यावर वाल झुकलेला तरी दिसतो.

अनेर_पट्टी
पाण्यात मीठ टाकायचं का? कुणीतरी सांगितलं वजन वाढतं.

केळीबाग_रावेर
कशाला. थंड देशात पाणी गोठू नये म्हणून क्षार घालतात, खान्देशात कुठं गोठतंय. ट्यूब गळली की खारं पाणी रिम खाऊन टाकतं. साधं विहिरीचं पाणी भरा.

गिरणाकाठ
ठरलं, ट्यूब आणि छोटा गेज उद्या पाचोऱ्याहून आणतो. शेवटचं, ट्रॉलीच्या एका चाकाची पण हवा उतरते, ते घरीच खोललं तर चालेल ना, ट्रॅक्टरपेक्षा लहान आहे.

पारोळा_टायर
ट्रॉलीच्या चाकाला लोखंडी रिंग आहे का ते आधी बघा. रिंगवालं असेल तर घरी हात लावू नका. रिंग खाचेत नीट बसली नसेल तर हवा भरताना उडते, माणूस जागेवर जातो. काढण्याआधी पिन काढून पूर्ण हवा सोडलेली पाहिजे, आणि भरताना साखळी बांधून, लांब पाईप लावून, बाजूला उभं राहून. दुकानावर आणा, सकाळी लवकर आणा, नंतर ऊस-मक्याच्या गाड्यांची लाइन लागते.