मदत हवी आहे: बोटीवर बॅटरी बदलली की दुसऱ्या डायव्हला हाउसिंगची काच धुरकटते

मंडळी, मी ऐरोलीचा, सीझनला मालवणला डायव्हिंगला जातो आणि पाण्याखालच्या फोटोंचं भयंकर वेड आहे. कॅमेरा मिररलेस, हाउसिंग (कॅमेरा ठेवायची वॉटरप्रूफ पेटी) पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे प्लास्टिकचं. पहिली डायव्ह एकदम क्लिअर जाते, पण दुसऱ्या डायव्हला खाली गेलो की थोड्या वेळात पोर्टला (लेन्ससमोरच्या काचेला) आतून बारीक बारीक थेंब धरायला लागतात, आधी खालच्या कडेला, मग अख्खी काच पांढरी. समोर लायनफिश पंख पसरून असतो आणि फोटोत नुसतं धुकं, फार जीवाला लागतं हो.

लीकेज नाहीये, तळाला टिश्यू ठेवून बघितला, कोरडा निघतो. म्हणजे आत अडकलेली दमट हवाच. पहिल्या डायव्हसाठी मी रात्रीच हॉटेलवर एसीत हाउसिंग बंद करतो, तिथे २४ डिग्री आणि ५० टक्के ह्युमिडिटी धरली तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली ओल थेंब होऊन धरते) १३ च्या आसपास, इतकं गार पाणी आपल्या किनाऱ्याला नसतंच. पण बोटीवर उघडलं की ३२ डिग्री, ७५ टक्के, दवबिंदू सरळ २७ वर, मग पाणी त्याहून जरा गार लागलं की झालंच. त्यात प्लास्टिकमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही, व्हिडिओ काढून कॅमेरा तापतो, आतली हवा तापते आणि सगळ्यात गार जागा उरते ती काच. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये ओल बॉडीवरही धरते म्हणून काच वाचते, पण ते सध्या बजेटबाहेर आहे.

सिलिका जेलच्या पुड्या ओटीजीत सुकवून टाकतो, पण जेलला ओल ओढायला वेळ लागतो, झाकण लावून लगेच उडी मारायची तर ते काय करणार.

आता खरा प्रश्न. ग्रुपमधला ठाण्याचा एक दादा म्हणतो की झाकण लावायच्या आधी डायव्हच्या सिलिंडरची हवा आत सोड, भरतानाच तिच्यातली ओल काढलेली असते त्यामुळे ती एकदम कोरडी. लॉजिक पटतंय, पण होजच्या तोंडाशी खाऱ्या पाण्याचा थेंब असला तर तो थेट कॅमेऱ्यावर उडेल याची धास्ती वाटते. कोणी खरंच करतं का असं? हवा किती वेळ सोडता, कॅमेरा आत ठेवून की बाहेर काढून? आणि नंतर ओ-रिंग (झाकणाचं रबरी सील) परत साफ करून ग्रीस लावता का? प्लीज डिटेलमध्ये सांगा, पुढच्या महिन्यात परत जायचंय.